मॅच सोडता येत नाही

लिफ्ट तिसरा मजला ओलांडून अर्धवट खाली अडकली, तेव्हा सुईताई नवऱ्याला सोडून चालली होती.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगायला गेली होती. बॅग हातात घेऊन ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली होती, आणि त्याने मान न वळवता डावा हात वर केला होता. त्या हाताचा अर्थ या घरात भिंतींनाही माहीत होता. आत्ता नको. मग तिने चपला घातल्या, दार नुसतं लोटून घेतलं, आणि बॅग जड म्हणून लिफ्टमध्ये शिरली. पावणेपाचची बस होती. दुसऱ्या गावातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. नंतरची बस उद्याचीच, आणि ती उद्या सकाळी तिथे दिसली नाही तर जागा घ्यायला दुसरी बाई तयारच होती. तसं त्यांनी फोनवर स्पष्ट बजावलंही होतं.

तिचं नाव सुईताई पडलं ते रक्त घेते म्हणून. ज्याची शीर कोणाला सापडत नाही त्याची ती बोलता बोलता शोधायची. लहान मुलंसुद्धा तिच्याकडे रडत नसत. घरात मात्र एका माणसाची शीर तिला इतक्या वर्षांत सापडली नव्हती. आणि आता शोधायचीही नव्हती.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. आतली जाळी सरकवली की समोर भिंत, आणि भिंतीवर छातीच्या उंचीला तिसऱ्या मजल्याची फरशी. फरशीच्या वर बाहेरची जाळी, कुलूपबंद. जाळीतून जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या, शेजाऱ्यांच्या दाराबाहेरच्या चपला दिसत होत्या, आणि वरच्या मजल्यावरून, नुसत्या लोटलेल्या दारातून, तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता. "मागे ये. मागे ये म्हणतोय ना. मी आहे इथं, तू मागे ये."

तिने घंटा दाबली. घंटा खाली पहारेकऱ्याच्या रिकाम्या स्टुलाशी वाजली आणि थांबली. मग तिने लिफ्टमधला कागद वाचला. अडकल्यास घाबरू नका, खालील नंबरवर फोन करा. खालचा नंबर तिला तोंडपाठ होता. तो तिच्या नवऱ्याचाच होता.

आता हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा? तिने दोन्ही केलं. हा माणूस गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा, कंपनीने हा सगळा भाग त्याच्याच गळ्यात घातला होता, आणि स्वतःच्या बिल्डिंगमधली लिफ्ट मात्र महिनोन् महिने आचके देत होती. दार लागलंय हे लिफ्टला कळवणारा कॉन्टॅक्ट झिजलाय, हे त्याला माहीत होतं. बिल्डिंगमधले लोक भेटतील तिथे त्याला टोकायचे. "रविवारी बघतो," हा म्हणायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि रविवारी काय असायचं? रविवारी मॅच असायची.

मॅचचं जरा सांगायला हवं. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, सगळे आपापल्या घरात कॉम्प्युटरसमोर. एकमेकांच्या गढ्या पाडायच्या. साधी मॅच वेगळी आणि रँकची वेगळी. रँकची जिंकली की माणूस वर चढतो, हरला की खाली येतो, आणि मध्येच सोडून गेला की त्याला दंड. उठून गेलात, लाइट गेली, नेट तुटलं, घराला आग लागली, काही असो. पहिल्या वेळी थोडा वेळ खेळता येत नाही, दुसऱ्या वेळी त्याहून बराच जास्त, आणि तिसऱ्या वेळी अख्ख्या सीझनला बाहेर, वर मिळवलेली सगळी रँक मातीत. कारण कोणी विचारत नाही. कधीमधी अपील करता येतं, पण त्याला पुरावा लागतो. "शिस्त आहे शिस्त," तो कौतुकाने म्हणायचा. "पळपुट्यांना जागा नाही." त्याच्या संघात त्याला खांब म्हणत. सगळे पळाले तरी हा हलत नाही म्हणून. हे नाव तो घरातही मोठ्या अभिमानाने सांगायचा, आणि सुईताई आतल्या आत जळायची.

कारण या खांबाला तिने हलताना पाहिलं होतं. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर आली तेव्हा नर्स दारात उभी राहून नातेवाईक कुठेत म्हणून हाका मारत होती. नातेवाईक घरी जाऊन बसले होते, चार जण वाट बघत होते म्हणून. तिचे वडील गेले, माणसं अजून येत होती, आणि हा जावई सगळ्यांच्या आधी उठला. सिनेमातून उठला. तिच्या बहिणीच्या घरी हात धुवायचेही न थांबता ताटावरून उठला. आणि प्रत्येक वेळी असा चेहरा करून, की जणू तिनेच त्याला अडकवून ठेवलं होतं.

त्याला दोनदा दंड झाला होता. एकदा लाइट गेली. दुसऱ्यांदा सुईताई फरशी पुसत होती, तिचा पाय वायरीत अडकला. त्यानंतर तो तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. सासूबाईंच्या मार्फत मीठ मागायचा. घरच्या दंडाला तर अपीलही नव्हतं.

आधी तिला वाटायचं हे व्यसन आहे. मग वाटायला लागलं की हट्ट आहे. मग एक दिवस लॅबमध्ये कोणा अनोळखी माणसाच्या दंडाला पट्टा बांधताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्यसन नाही, हट्ट नाही, काही नाही. जिथे उठून गेल्यावर शिक्षा होते तिथे हा माणूस थांबतो. जिथे होत नाही तिथून उठतो. घरातून उठायला काही किंमत पडत नाही, म्हणून घरातून उठतो. इतकं साधं होतं ते. त्याच आठवड्यात तिने दुसऱ्या गावच्या नोकरीसाठी फोन लावला होता.

आता तिने कागदावरचा नंबर लावला.

"हं," तो म्हणाला. मागे माउसची टकटक चालूच.

"मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"कुठल्या?"

"आपल्या. तिसऱ्या मजल्याखाली."

"घाबरू नकोस. हवा भरपूर असते. लिफ्ट पडत नाही. दाराशी झटापट करायची नाही, चढून बाहेर यायचा प्रयत्न करायचा नाही, आहात तिथेच थांबा."

"मला 'थांबा' काय म्हणतोस? मी तुझी गिऱ्हाईक आहे का? ये आणि उघड."

"अगं, रँकची आहे. आत्ताच सुरू झालीय."

"एक मजला उतरायचाय तुला."

"एक मजला उतरलो तरी बाहेरच गेलो ना. तिसरी वेळ आहे, माहितीय ना तुला? आज सीझनचा शेवटचा दिवस. ही जिंकलो की वरच्या गटात."

"आईंना बसव."

ही या घरची खास रीत. त्याला अगदीच उठावं लागलं, दारात कोणी आलं किंवा पोटाने दगा दिला, तर तो सासूबाईंना खुर्चीवर बसवायचा. सासूबाईंना त्याने शिकवून ठेवलं होतं: काही करायचं नाही, नुसतं या माणसाला आपल्या गढीभोवती गोल गोल फिरवत राहायचं. फिरत राहिला की कॉम्प्युटरला वाटतं खेळाडू जागेवर आहे. सासूबाई ते काम जात्यावर बसल्यासारखं करायच्या, नजर खिडकीबाहेर ठेवून.

"आई नवा चष्मा आणायला गेलीय," तो म्हणाला. "येईलच. नाहीतर मॅच संपली की येतो. तासभर धर." आणि फोन बंद.

सुईताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कंपनीच्या कचेरीत फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, तुमच्या भागाच्या मेकॅनिकला कळवते." जरा वेळाने तिचाच फोन आला. "मॅडम, मेकॅनिक निघालेत. ट्रॅफिकमध्ये आहेत."

"कुठल्या ट्रॅफिकमध्ये?" सुईताई म्हणाली. "तो माझ्या डोक्यावर बसलाय. मला त्याचा आवाज येतोय."

"मॅडम, धीर धरा," मुलगी म्हणाली.

मग अग्निशमनवाल्यांना बोलवावं असं तिच्या मनात आलं. नंबर लावला, आणि घंटा वाजायच्या आधीच तोडला. ते येणार, जाळी कापणार, चौकशी होणार, महिनोन् महिने कॉन्टॅक्ट का बदलला नाही हे निघणार, आणि याची नोकरी जाणार. बघा म्हणजे. बाई चालली होती नवऱ्याला कायमची सोडून, आणि जीव अडकला नवऱ्याच्या नोकरीत. स्वतःच्या या मऊपणाचा तिला इतका संताप आला की तिने बॅगेला लाथ घातली. बॅगेला काही झालं नाही. अंगठा दुखला.

वरून आवाज येत होता. "शाबास. शाबास रे. दम धर, मी येतोय, सोडत नाही तुला." इतकं मायेने तो घरात कधी कोणाशी बोलला नव्हता. त्या पलीकडच्या पोराचं, का म्हाताऱ्याचं, नावही त्याला माहीत नसेल.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी ठरवून. लपवून काय मिळणार होतं? उलट कळलं तर उठेल तरी. उठणार नाही असा माणूस असतो का कुठे?

"हं."

"ऐक. मी घर सोडून चाललेय. बॅग घेऊन. पावणेपाचची बस आहे माझी. कायमची चाललेय मी. म्हणून ये, आणि दार उघड."

टकटक, टकटक. मग तो म्हणाला, "डावीकडे. डावीकडे बघ, आलेत ते."

"ऐकतोयस का?"

"ऐकतोय ना."

"काय म्हणाले मी?"

"लिफ्टमध्ये अडकलीस." टकटक. "अगं, सांगितलं ना येतो. सारखं काय तेच."

तिने फोन पर्समध्ये टाकला. रडू आलं नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य ती बोलली होती, आणि त्यातलं फक्त लिफ्ट तेवढी पलीकडे पोचली होती.

थोड्या वेळाने जिन्यात चपलांचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. सासूबाई लिफ्टने कधी येत नसत. "पोराच्या हातची लिफ्ट आहे, मला माहितीय," असं चारचौघांत सांगायच्या. जाळीपलीकडे त्यांचे पाय दिसले, मग त्या वाकल्या, मग नवा चष्मा दिसला.

"तू आत काय करतेयस?"

"अडकलेय, आई."

"कधीची?"

"बराच वेळ झाला."

"त्याला सांगितलंस?"

"दोनदा."

सासूबाईंनी वर बघितलं. वरून पोराचा आवाज येतच होता. मग त्यांनी खाली बघितलं, आधी तिच्याकडे, मग बॅगेकडे. त्यांच्यात आणि सुनेत प्रेम उतू जात होतं अशातला भाग नाही. भाजी कशी चिरावी इथपासून पडदे कधी धुवावेत इथपर्यंत त्यांचं कधी पटलं नव्हतं. सुनेचं काही चुकलं की त्या चुलतबहिणीला फोन लावून भरपेट सांगायच्या, आणि सुनेला ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायच्या.

"बॅग कसली?"

"जुने कपडे आहेत. द्यायचेत."

"जुने कपडे द्यायला कोणी नवा ड्रेस घालून जात नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला नवीन चष्मा मिळालाय. आंधळी होते तेव्हाही दिसत होतं."

गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. "पाठवते त्याला," एवढंच म्हणाल्या, आणि पायऱ्या चढायला लागल्या. एक पायरी, थांबणं, एक पायरी. त्या म्हातारीला आज पहिल्यांदाच कोणीतरी घाई करायला लावायला हवं होतं.

मग वर बोलाचाली झाली. शब्द कळत नव्हते. सासूबाईंचा बारीक आवाज, त्याचा चढलेला आवाज, पुन्हा सासूबाईंचा. मग खुर्ची सरकली. सुईताईला ती सरकणारी खुर्ची घरातल्या बाकी सगळ्या आवाजांतून ओळखता यायची. जिन्यावर धपधप पावलं वाजली, आणि तिच्या छातीत काहीतरी हललं, तिला नको असताना.

तो आला. पायात चप्पल नाही, गळ्यात हेडफोन, हातात किल्ल्यांचा जुडगा. आधी भिंतीवरच्या पेटीतला मेन स्विच बंद केला, दोनदा तपासला. तेवढं त्याच्या कामाचं खरं, माणसाच्या जिवाशी तो खेळत नसे. मग जाळीचं कुलूप काढलं, गुडघ्यावर बसला, आणि हात खाली केला.

"आधी बॅग दे."

तिने बॅग वर दिली. तिचं वजन हाताला लागलं तेव्हा तो क्षणभर थांबला. काही न विचारता त्याने बॅग मागे ठेवली, वर जाणाऱ्या पायऱ्यांवर. खाली जाणाऱ्या नाही. मग तिची दोन्ही मनगटं धरली आणि तिला ओढून वर घेतलं. हात घट्ट होते त्याचे. ती फरशीवर बसली, ड्रेसला वंगण लागलेलं, गुडघा खरचटलेला.

"चल वर," तो म्हणाला.

"मॅच?"

"सोडली."

तिने त्याच्याकडे बघितलं. "आईंना बसवलंस."

"नाही बसवलं. सोडली म्हटलं ना. तू इथं अडकलीस, आणि मी काय मॅच घेऊन बसू?"

"तिसरी वेळ आहे तुझी."

"आहे. गेला सीझन. जाऊ दे." त्याने मनगटाने कपाळ पुसलं. "मॅच काय, पुन्हा खेळता येईल. आई म्हणाली तू चाललीस."

आता खरं सांगायचं तर सुईताईला आनंद झाला. स्वतःची लाज वाटावी इतका झाला. इतकी वर्षं ती वाट बघत होती ती एवढ्याचीच. दागिना नको होता, सहल नको होती, माफीसुद्धा नको होती. तिच्यासाठी या माणसाने एकदा, एकदाच, अंगाला लागेल असं काहीतरी सोडावं, आणि त्याची किंमत भरावी. तो समोर अनवाणी उभा होता. पावणेपाचची बस अजूनही मिळाली असती, रिक्षा केली असती तर. पण पाय खालच्या पायऱ्यांकडे वळेनात. उद्या सकाळी त्या लॅबला फोन करून काय सांगायचं, हे ती मनात जुळवायलाही लागली.

"किती दिवस बाहेर?" तिने विचारलं. आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही.

"पुढच्या सीझनपर्यंत. असू दे गं." त्याने बॅग उचलली. "कॉन्टॅक्ट पण बदलतो उद्या. खरंच बदलतो."

ती त्याच्या मागोमाग चढायला लागली. जिना मध्ये वळतो त्या ठिकाणापर्यंत दोघं पोचली. तेवढ्यात वरून, लोटलेल्या दारातून, सासूबाईंचा आवाज जिनाभर घुमला.

"अरे बाबा, याला कोणीतरी मारतंय रे. मी गोल गोल फिरवतेय, तरी मारतायत. सगळे आलेत आत. आता काय दाबू?"

तो थांबला. मान वळवून तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं. त्याने वर बघितलं.

"अगं, म्हणजे, तेवढ्यापुरतं तिला..."

सुईताईला आता त्याचं तोंड बघायचं नव्हतं, पण नजर हलवताही येत नव्हती.

"हा मेला भिंतीला अडकलाय, हलतच नाही," सासूबाई वरून म्हणाल्या. "लाल अक्षरं आलीत. सेकंद मोजतंय ते."

खोटं बोलताना तो चाचरला नव्हता, आणि आता त्याचा एक पाय वरच्या पायरीवर होता, एक खालच्या. हातात तिची बॅग. उभं राहायचं की जायचं, एवढंच होतं. तेवढं एक जरी तो उभा राहिला असता तरी त्या बाईने खोटंही पोटात घातलं असतं. अशा बाया असतात, आणि असे नवरे त्यांच्याच जिवावर वर्षानुवर्षं तगतात.

त्याने बॅग पायरीवर टेकवली. "हलू नकोस इथून. आलोच," तो म्हणाला, आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला.

तिने बॅग उचलली आणि उतरायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची जाळी तो घाईत उघडीच टाकून गेला होता. आत कोणाचं लेकरू डोकावलं असतं तर? तिने जाळी ओढून घेतली, कडी लागल्याची खात्री केली, आणि मग खाली गेली. संताप होता, पण डोकं ठिकाणावर होतं.

दुसऱ्या मजल्यावर तिने ऐकलं: टेबलावर मूठ आपटली. मग शिवी. मग, "आई, तुला साधं फिरवता येत नाही? भिंतीला नेऊन उभं केलंस. हलत नाही म्हणून बाहेर काढलं ना मला." पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तो कठड्याशी आला होता. वरून वाकून ओरडत होता, शेजाऱ्यांची दारं किलकिली होत होती.

"झालं तुझं समाधान? बॅन झालो. सगळी रँक गेली. तुझ्यासाठी मॅच सोडली मी, कळतंय का? तुझ्यासाठी सोडली."

आणि त्याच्या मागून, न ओरडता, पण जिन्यात स्वच्छ ऐकू येईल असा सासूबाईंचा आवाज: "तिच्यासाठी कुठे सोडलीस? मी होते की तिथे."

यावर त्याने काय उत्तर दिलं ते तिला कळलं नाही. ती बाहेर पडली होती. उतरताना प्रत्येक मजल्यावर तिने कान मागे ठेवला होता. कठड्याशी उभं राहून ओरडणं वेगळं आणि पायऱ्या उतरणं वेगळं. पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही. रस्त्यावर आल्यावरही तिने एकदा वर बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं.

रिक्षावाल्याने स्टँडवर आणून टाकलं तेव्हा बस निघत होती. कंडक्टरने दार धरलं, बॅग आत ओढली, "एवढा उशीर करतात का," म्हणून दटावलं. तिला ते दटावणं फार बरं वाटलं. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक पोक्त बाई होत्या, मांडीवर मोठी पिशवी.

गाव मागे पडलं तेव्हा तिला रडू आलं. भरपूर आलं, आवाज न करता. शेजारच्या बाईंनी न बघितल्यासारखं केलं. नोकरी मिळाली होती, बस मिळाली होती, आणि तरीही जिना वळतो त्या जागी उभी असलेली ती मूर्ख बाई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. लॅबला काय सांगावं हे जुळवत चार पायऱ्या चढलेली.

मग फोन वाजला. मेसेज होता, त्याचा. उघडू नये असं वाटलं, आणि उघडला.

'बसमध्ये बसलीस का. एक काम होतं. दंडाचं अपील करता येतं, घरात कोणी संकटात होतं असं दाखवलं तर माफ करतात. तुझ्याकडे लिफ्टमध्ये अडकल्याचा फोटो आहे का? तारीख वेळ दिसेल असा. नसेल तर नुसतं लिहून पाठव की तू आत होतीस आणि मी मॅच सोडून आलो. आजच द्यावं लागतं.'

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढूनच. पुढच्या सीटवरची दोन माणसं मागे वळली. तिचे डोळे अजून ओले होते, आणि ती हसतच होती.

शेजारच्या बाईंनी आता राहवेना म्हणून विचारलं, "काय गं, चांगली बातमी का?"

"नवऱ्याला दंड झालाय."

"अगं बाई. कशाबद्दल?"

"मध्येच उठून गेला म्हणून."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण दंड म्हटल्यावर जो प्रश्न कोणीही विचारेल तो त्यांनी विचारला. "किती?"

सुईताईने फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला.

"अजून ठरवायचाय," ती म्हणाली, आणि कंडक्टर जवळ आला होता म्हणून तिकिटाचे पैसे काढायला लागली.